सिलेंडरनिहाय इंधनातला फरक: कंपनीचं सेटिंग बदलण्याआधी काय मोजायचं

चार सिलेंडरच्या पेट्रोल इंजिनात ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) चारही इंजेक्टर सारख्याच वेळासाठी उघडतो, असं बहुतेकांना वाटतं. बऱ्याच गाड्यांत तसं नसतं. कारखान्यातून येतानाच एखाद्या सिलेंडरला दोन-चार टक्के जास्त, एखाद्याला कमी इंधन असा हिशेब ईसीयूत भरलेला असतो. सुबारूचं ईजे२५ टर्बो इंजिन हे त्याचं चांगलं उदाहरण. त्याच्या काही ईसीयूंमध्ये प्रत्येक सिलेंडरसाठी इंधनाच्या भरपाईचं वेगळं टेबल आहे आणि ते टेबल वाचण्याची साधनं सहज मिळतात. म्हणूनच नवखे ते उघडतात, आकडे असमान दिसले की कंपनीची चूक समजून सगळे शून्य करतात आणि काही महिन्यांनी पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटली म्हणून इंजिन खोलायला देतात.

टेबलमधला फरक बहुतेक वेळा कशाची तरी भरपाई असतो. कशाची, हे मोजल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि गाडीचे मूळ भाग बदलले असतील, तर ती भरपाई अजून बरोबर आहे हेही गृहीत धरू नका.

फरक मुळात का ठेवतात

हवा चारही सिलेंडरांत सारखी पोचत नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा सिलेंडरांत वाटणाऱ्या भागाच्या) टोकाच्या रनरला, म्हणजे नळीला, हवा वेगळी मिळते, मधल्याला वेगळी. क्रँककेसची वाफ ज्या रनरजवळ सोडली असेल त्याचं मिश्रण बदलतं. इंधनाच्या रेलमध्ये दाबाच्या लहरी उठतात, त्यामुळे एकाच क्षमतेचे दोन इंजेक्टर वेगवेगळ्या जागी थोडं वेगळं पेट्रोल देतात.

ईजे२५ मध्ये यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. हे बॉक्सर, म्हणजे आडवं इंजिन. चालकाच्या सीटवरून पाहिलं तर १ आणि ३ नंबरचे सिलेंडर उजवीकडे, २ आणि ४ डावीकडे. फायरिंग ऑर्डर १-३-२-४. मूळ हेडरच्या (सिलेंडरांतला जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या भागाच्या) नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे एका सिलेंडरचा धक्का दुसऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या वायूला अडवतो (सुबारूचा तो ओळखीचा गुरगुराट यातूनच येतो), आणि जळालेला वायू सगळ्या सिलेंडरांत सारखा उरत नाही. शिवाय डावीकडचा मागचा, म्हणजे ४ नंबरचा सिलेंडर जास्त तापतो असा या इंजिनावर काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे त्याला नॉकिंगचा (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याचा) धोका अधिक.

आता हेडर समान लांबीचा बसवला, इंजेक्टर मोठे टाकले किंवा इनटेक मॅनिफोल्ड बदलला, की टेबलमधली भरपाई जुन्या भागांसाठीच राहते. ज्या सिलेंडरचं इंधन कंपनीने विचार करून तीन टक्के कमी केलं होतं, तोच आता खरोखर लीन (इंधन कमी) चालू शकतो.

ऑक्सिजन सेन्सर सरासरी दाखवतो

चार सिलेंडरांचा वायू एकत्र आल्यावर पुढे सेन्सर असतो. तो सरासरी सांगतो आणि नवखे नेमके इथेच फसतात.

समजा, एक इंजेक्टर कचऱ्यामुळे १२ टक्के कमी पेट्रोल देतोय आणि बाकीचे तीन ठणठणीत आहेत. एकूण पेट्रोल ३ टक्के कमी झालं, म्हणून ईसीयू चौघांनाही ३ टक्के वाढवून देतो. परिणाम असा: तिघं ३ टक्के रिच (इंधन जास्त), चौथा अजूनही ९ टक्के लीन. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्ती, टक्क्यांत) फक्त +३ दिसतं, आणि कोणताही मेकॅनिक ते पाहून गाडी ठीक आहे म्हणेल.

फुल थ्रॉटलला हे जास्त महागात पडतं. तीन सिलेंडर ०.८० लॅम्डावर (१ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याहून कमी म्हणजे रिच) आणि एक ०.८८ वर असला, तर वाइडबँड गेज (लॅम्डा मोजणारा मीटर) ०.८२ च्या आसपास दाखवतो. गेजवरचा आकडा अगदी सुरक्षित वाटतो आणि तो एक सिलेंडर नॉक होत राहतो. ईजे२५ मध्ये नॉक सेन्सर एकच आहे, त्यामुळे एका सिलेंडरच्या नॉकपायी ईसीयू चौघांचंही टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. मग गाडीचा पिकअप गेला अशी तक्रार येते आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

लॅम्डा हे एकक मुद्दाम वापरलं आहे. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ असतं, पण भारतातल्या ई२० पेट्रोलचं १३.५ च्या आसपास येतं. पेट्रोल कोणतंही असो, लॅम्डा १ म्हणजे आदर्शच. गेज लॅम्डावर ठेवा, घोळ होणार नाही.

पायरी १: इंजिन शाबूत आहे का ते पाहा

कॉम्प्रेशन कमी असलेल्या सिलेंडरला ट्यूनिंगने बरं करता येत नाही. इंजिन गरम करा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा, चारही प्लग काढा. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. बॅटरी चार्ज असू द्या. ती उतरत गेली तर शेवटच्या सिलेंडरचा आकडा उगाच कमी येतो. किती दाब हवा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि त्याहून जास्त लक्ष चौघांमधल्या फरकाकडे द्या. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं) करा. हवा ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुसली तर रिंग, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

काढलेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा आणि फोटो घ्या. एकाच प्लगचं पोर्सेलिन इतरांपेक्षा पांढरं किंवा काळं असेल, तर तुमची पहिली खूण मिळाली. पोर्सेलिनवर बारीक काळे-चंदेरी ठिपके दिसले तर ते नॉकिंगचं लक्षण आहे. मग त्या गाडीला फुल थ्रॉटल देणं तिथेच बंद करा.

पायरी २: फरक आयडलला की लोडला?

हा प्रश्न आधी सोडवलात तर निम्मं काम वाचतं.

आयडलला (पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) इंजेक्टर साधारण २.२ मिलिसेकंद उघडतो. त्यातला सुमारे १ मिलिसेकंद सुई उचलण्यातच जातो. याला डेड टाइम म्हणतात. खरं इंधन पडतं ते १.२ मिलिसेकंदात. एका इंजेक्टरचा डेड टाइम १.१ असेल, तर त्याच्या वाट्याला १.१ मिलिसेकंद उरतात, म्हणजे ८ टक्के कमी. तोच इंजेक्टर ६००० आरपीएमला १२ मिलिसेकंद उघडतो तेव्हा ११.० च्या जागी १०.९, फरक एक टक्क्याहून कमी.

म्हणून आयडलला मिस मारणारी आणि २५०० आरपीएमला गुळगुळीत चालणारी गाडी असेल, तर संशय डेड टाइमवर, किंवा एका रनरच्या गॅस्केटमधून आत येणाऱ्या हवेवर. हवेची गळती स्मोक टेस्टने चटकन सापडते. उलट फरक लोडबरोबर वाढत जात असेल, तर अडकलेला इंजेक्टर, कमी पडणारा फ्युएल पंप, रेलमधला दाब किंवा हवेची वाटणी यांच्याकडे वळा.

स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ हे कोड कोणता सिलेंडर मिस मारतोय ते सांगतात. पी०१७१ म्हणजे अख्खी बँक (एका ऑक्सिजन सेन्सरवरचे सगळे सिलेंडर) लीन. नव्या गाड्यांत पी२१९ए असा खास कोड असतो, तो सिलेंडरांमधल्या मिश्रणाच्या असमतोलासाठीच आहे. सुबारूमध्ये रॉमरेडर या सॉफ्टवेअरच्या लॉगरमधून प्रत्येक सिलेंडरचा रफनेस मॉनिटर (मिसिंग दाखवणारा आकडा) पाहता येतो. एकाच सिलेंडरचे आकडे चढत असतील तर तो वहीत नोंदवा. मात्र मिसिंग स्पार्कमुळेही होतं. आधी त्या सिलेंडरची कॉइल आणि प्लग शेजारच्याशी अदलाबदल करून पाहा.

पायरी ३: इंजेक्टर काढा, मोजा, अदलाबदल करा

पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड हवं, जवळ अग्निशामक हवा, आणि रेलखाली कापड ठेवा, कारण थोडं पेट्रोल सांडतंच.

प्रत्येक इंजेक्टरवर मार्करने सिलेंडरचा नंबर टाका. टेस्ट बेंचवर चार गोष्टी करून घ्या: ३ बार दाबावर पूर्ण उघडा ठेवून प्रवाह, आयडलइतक्या छोट्या पल्सवर प्रवाह, बंद असताना गळती, आणि फवाऱ्याचा आकार. बरीच दुकानं फक्त पहिली चाचणी करून सगळे सारखे आहेत म्हणून परत देतात. छोट्या पल्सची चाचणी मागून घ्या. स्वच्छ केल्यावर चौघांत २ टक्क्यांच्या आत फरक असेल तर उत्तम. ५ टक्क्यांच्या वर असलेला इंजेक्टर बदला. सॉफ्टवेअरमध्ये त्याची भरपाई करत बसू नका, तो उद्या आणखी बिघडेल.

परत बसवताना ओ-रिंग नव्या घाला आणि त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरडी ओ-रिंग बसताना कापली जाते, मग तिथून हवा ओढली जाते आणि तुम्ही स्वतःच नवा असमतोल तयार करता.

बसवताना संशयित इंजेक्टर मुद्दाम दुसऱ्या सिलेंडरला लावा. लीनपणा इंजेक्टरबरोबर सरकला, तर दोष इंजेक्टरचा. त्याच सिलेंडरला चिकटून राहिला, तर दोष हवा, हेड, वायरिंग किंवा ईसीयूच्या टेबलमध्ये. या एका अदलाबदलीने जितकं कळतं तितकं महागड्या स्कॅनरनेही कळत नाही.

पायरी ४: प्रत्येक सिलेंडर वेगळा मोजा

इथे पैसे लागतात, पण टेबलला हात लावायचा असेल तर ही पायरी गाळता येत नाही.

उत्तम मार्ग म्हणजे हेडरच्या प्रत्येक नळीत वाइडबँड सेन्सर. बॉश एलएसयू ४.९ साठी १८ मिमी, १.५ पिचचा बंग (सेन्सर बसवायची आटेदार कडी) वेल्ड करावा लागतो. सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर तिरका बसवा, नाहीतर थंड इंजिनात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि ते तडकतं. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब जास्त असल्याने आकडा सरकतो: रिच आहे ते जास्त रिच, लीन आहे ते जास्त लीन दिसतं. त्यामुळे तिथला एकेकटा आकडा खरा मानू नका, चौघांतला फरक बघा. तिथली उष्णताही सेन्सरच्या मर्यादेजवळ जाते, म्हणून डायनोवर (गाडी जागेवरच लोडखाली चालवायच्या यंत्रावर) छोट्या-छोट्या रन घ्या आणि काम झालं की बंगला प्लग मारा.

दुसरा मार्ग, प्रत्येक नळीत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर). चारही पोर्टपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. एक जरी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब गेला तरी थंड दिसेल. तापमान वाचताना एक फसगत होते. लीन मिश्रण गरम दिसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण टायमिंग मागे गेलं तरी एक्झॉस्ट गरम होतो, आणि मिसफायर होणारा सिलेंडर मात्र थंड दिसतो. म्हणून नुसत्या तापमानावरून इंधन वाढवू-घटवू नका. प्लगशी ताडून पाहा.

प्लग वाचायचा असेल तर नवे प्लग घालून डायनोवर किंवा ट्रॅकवर फुल थ्रॉटलची एक रन घ्या, शेवटी क्लच दाबून इंजिन लगेच बंद करा. तसंच आयडल करत परत आणलं तर प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि माहिती पुसली जाते. सार्वजनिक रस्त्यावर चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका. ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत जाते.

हेडरवर रोखून धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पूर्ण मेलेला सिलेंडर सापडतो. तीन-चार टक्क्यांच्या फरकासाठी तो निरुपयोगी आहे.

पायरी ५: कंपनीचं टेबल वाचा

डेन्सो ईसीयू असलेल्या सुबारूंचा रॉम (ईसीयूतली सेटिंगची फाइल) टॅक्ट्रिक्स ओपनपोर्ट २.० केबल आणि ईसीयूफ्लॅश सॉफ्टवेअरने वाचता येतो. मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. रॉमरेडरमध्ये ‘पर इंजेक्टर फ्युएल ऑफसेट कॉम्पन्सेशन’ अशा नावाची सिलेंडर १ ते ४ ची टेबलं शोधा. सगळ्या मॉडेलांच्या डेफिनिशनमध्ये (कोणतं टेबल रॉममध्ये कुठे आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ती नसतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड (ग्रॅम प्रति फेरा), आत टक्के.

आता वहीत एक साधं काम करा. एकाच आरपीएम आणि लोडच्या घरातले चारही आकडे बेरजेला घ्या. बेरीज शून्याच्या जवळ आली, तर ती निव्वळ वाटणी आहे: एकाचं काढून दुसऱ्याला दिलं. बेरीज ऋण किंवा धन असेल, तर हे टेबल सरासरी मिश्रणही सरकवतं आणि बाकीचा नकाशा ते धरूनच बनवलेला आहे. अशा घरात आंधळेपणाने शून्य भरलं तर मास एअरफ्लोचं (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं) स्केलिंगसुद्धा चुकलेलं दिसायला लागतं, आणि ते दुरुस्त करत बसाल तर मूळ कारणापासून आणखी लांब जाल.

आकडे कुठे आहेत तेही बघा. फक्त आयडल आणि हलक्या लोडला असतील, तर ते गुळगुळीत चालणं आणि उत्सर्जनासाठी असण्याची शक्यता जास्त. ते तसेच राहू द्या. बूस्टच्या (टर्बो दाबाने हवा भरतो त्या) भागात एखाद्या सिलेंडरचं इंधन काढलेलं असेल आणि तुमचा हेडर किंवा इंजेक्टर मूळ नसेल, तर ते घर पहिलं तपासा.

पायरी ६: बदल

एका वेळी एकाच सिलेंडरला, १ ते २ टक्के. त्यानंतर रन घ्या, लॉग पाहा, मगच पुढे.

बूस्टमध्ये नेहमी लीन सिलेंडर रिच करून सुरुवात करा. बाकीचे तीन लीन करून समतोल साधायला जाऊ नका. सरासरी थोडी रिच झाली तरी इंजिन सुरक्षित असतं. चारही नळ्यांतला फरक आटोक्यात आल्यावर सरासरी जागेवर आणा, उदाहरणार्थ ४ नंबरला +३ आणि इतरांना −१, म्हणजे बेरीज शून्य.

प्रत्येक रनमध्ये फीडबॅक नॉक करेक्शन, फाइन नॉक लर्निंग आणि डायनॅमिक ॲडव्हान्स मल्टिप्लायर हे तिन्ही (नॉक ऐकून ईसीयू टायमिंग किती बदलतो ते दाखवणारे आकडे) लॉग करा. मल्टिप्लायर कमाल किमतीवरून (ईसीयूनुसार १ किंवा १६) खाली आला असेल तर ईसीयूने नॉक ऐकलेला आहे, थांबा. आणि ४ नंबर तापतोय म्हणून त्याला इंधन ओतत राहणं हा थंड करण्याचा उपाय नाही. कूलंट, रेडिएटर आणि सिस्टीममधली अडकलेली हवा आधी तपासा. अति रिच मिश्रण सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पुढे रिंग झिजतात.

सुबारू नसलेल्यांसाठी

महाराष्ट्रात हाच प्रश्न सर्वांत जास्त भेटतो तो सीएनजी किटमध्ये. पेट्रोलवर गाडी मस्त आणि गॅसवर आयडलला मिस, म्हणजे बहुधा गॅसच्या इंजेक्टरांची वाटणी बिघडली आहे. गॅस रेलपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या चारही नळ्या एकाच लांबीच्या आणि शक्य तितक्या आखूड हव्यात. बसवणारा जागा मिळेल तसं पाइप कापतो आणि एक नळी दुप्पट लांब होते. त्या सिलेंडरला गॅस उशिरा पोचतो. चारही नोझल एकाच मापाची आहेत का ते काढून बघा. बऱ्याच सीक्वेन्शियल किटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक सिलेंडर परत पेट्रोलवर टाकता येतो. ज्याला पेट्रोलवर टाकल्यावर मिसिंग थांबतं, तो गुन्हेगार. किट आरसी बुकावर चढवलेलं असायलाच हवं.

कॉमन रेल डिझेलमध्ये तर सिलेंडरनिहाय भरपाई उघडच लिहिलेली असते. प्रत्येक इंजेक्टरवर कारखान्याने मोजून छापलेला कोड असतो. बॉशमध्ये त्याला आयएमए म्हणतात. इंजेक्टर बदलला किंवा दोन इंजेक्टर आपसांत बदलले, तर कोडही ईसीयूत त्या-त्या सिलेंडरला नव्याने भरावा लागतो. हे न केल्यामुळे नवा इंजेक्टर घालूनही धडधड, धूर आणि ठोका तसाच राहिल्याच्या तक्रारी येतात. अशा गाडीत पायरी ३ ची अदलाबदल करायची तर कोडसकट करा.

कायदा आणि वॉरंटी

ईसीयूचा नकाशा बदलला की इंजिनाच्या वॉरंटीचा दावा अडचणीत येतो. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असे बदल करता येत नाहीत. अमेरिकेत उत्सर्जनावर परिणाम करणारे बदल क्लीन एअर ॲक्टखाली येतात आणि कॅलिफोर्नियाचे नियम त्याहून कडक आहेत. तिथे राहणाऱ्यांनी ट्रॅकची गाडी आणि रोजची गाडी यांतला फरक पाळावा.

बदलानंतर

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर चारही प्लग काढून आधीच्या फोटोंशेजारी ठेवा. ऑइल डिपस्टिकवर पेट्रोलचा वास येतोय का बघा. लाँग टर्म ट्रिम आयडल, क्रूझ आणि हलक्या चढावर असं तीन ठिकाणी लिहून ठेवा. प्रत्येक रॉम फाइलच्या नावात तारीख, बदललेला सिलेंडर आणि टक्के टाका. पुढे इंजेक्टर, हेडर किंवा फ्युएल पंप यांतलं काहीही बदललं, की पायरी ४ पासून पुन्हा मोजा.